गावाला गेलेली माणसं

"ती न्हाई घरात. गावाला गेली," चतुराबाई दारात उभी राहून म्हणाली, आणि आतल्या खोलीत वाकळेखाली पडलेल्या तिच्या लेकीनं, शिवकन्येनं, कान टवकारले. आईचा आवाज अगदी सरळ होता. खोटं बोलणाऱ्याच्या आवाजात कुठंतरी गाठ बसते, जीभ जरा अडखळते. इथं तसलं काही नव्हतं. दूधवाल्याला 'आज नको' म्हणावं तसं ती म्हणाली. बाहेर कोणीतरी चप्पल घासली. दसरा होऊन गेलेला, तरी ऊन पत्र्यावर तडतडत होतं, पेठ बीडातली ती गल्ली भट्टीत घातल्यासारखी भाजत होती, आणि शिवकन्या दोन वाकळा अंगावर घेऊन दातावर दात आपटत होती. सकाळी चूळ भरताना थंडीचा पहिला काटा आला, तेव्हा तिनं त्याला मोजलं नाही. आता थंडी पाठीच्या कण्यातून वर चढत होती, मुंग्यांची रांग चढावी तशी. पण ह्या घडीला जी शिरशिरी आली ती त्या रांगेतली नव्हती. ती आईच्या वाक्यानं आली. हे वाक्य तिनं ऐकलं होतं. ऐकलं कशाला, स्वतःच्या तोंडानं म्हटलं होतं, ह्याच शब्दांत, असंच उंबऱ्यात उभं राहून.

"कवा येनार?" बाहेरून विचारणा झाली. आवाज सुग्रीवचा होता. सुग्रीव म्हणजे ऊसतोड संघाचा फिरता माणूस. सायकलवर पिशवी अडकवून गावोगाव हिंडणारा.

"आता काय सांगावं बाबा. येईल चार दिसांनी."

"चार दिसांनी? मावशी, आज सांच्याला बैठक हाय संघात. चेअरमन राधाकिशनराव वाट बघून ऱ्हायलेत. ताईंचा आकडा आला की पेट्या भरायच्या."

"मंग भरा की. पेट्या भराया ती कशाला पायजे? ती काय हमाल हाय?"

सुग्रीव हसला. "हमाल आमी हावोत की. ताईनं निस्तं तोंडानं सांगायचं." मग थोडं थांबून म्हणाला, "बसतो जरा सावलीला. तांब्याभर पानी मिळंल का?"

पाण्याला नाही म्हणणं चतुराबाईच्या जिभेला ठाऊक नव्हतं. कोपऱ्यातल्या पिपावर फडकं बांधलेलं होतं. ते सोडल्याचा, तांब्या बुडवल्याचा आवाज झाला. सुग्रीव ओट्यावर टेकला, आणि आत शिवकन्येनं श्वास धरून ठेवला. आपण लपलोय हे तिला तेव्हा कळलं. तिशी ओलांडलेली, संख्याशास्त्रात पुढची पदवी घेतलेली बाई, आपल्याच भाड्याच्या खोलीत, आपल्याच माणसापासून लपलोय. आणि लपण्याची ही विद्या अंगाला किती सहज आली. गुडघे आपोआप पोटाशी गेले, तोंडात वाकळेचा काठ आपोआप आला, दातांचा आवाज होऊ नये म्हणून.

सुग्रीव ज्या आकड्यासाठी ओट्यावर बसला होता तो अंगठ्याएवढा होता, पण त्याच्यावर पुष्कळ माणसांचा जीव टांगलेला होता. ऊस तोडायला जाणाऱ्या टोळ्यांचा हा सहकारी संघ. दसऱ्यानंतर टोळ्या कारखान्यांकडं निघाल्या की संघ प्रत्येक टोळीबरोबर पत्र्याची एक पेटी द्यायचा. तीत पट्ट्या, कोयत्याच्या जखमेवरचं मलम आणि हिवतापाच्या गोळ्या. दुष्काळाचं हे तिसरं वर्ष होतं. पाऊसच नाही तर डास कुठला, असं शहाणी माणसं म्हणत. पण पाणी नसलं की माणूस पाणी साठवतो. टँकर आला की पिपं, रांजण, हौद, अगदी पोराच्या आंघोळीचं घंगाळसुद्धा भरून ठेवायचं, आणि त्या साठवणीतून ताप उठायचा. तिकडं कारखान्याच्या रानात तर कालव्याच्या काठालाच राहायचं. लोक बोलू लागले होते की संघाची गोळी खाल्ली तरी ताप उलटतो. चार दिवस माणूस बरा होतो, हसतो, भाकरी खातो, आणि पुन्हा एका दुपारी त्याला हुडहुडी भरते. तेव्हा शिवकन्येच्या पुण्याच्या संस्थेनं संघाला बरोबर घेऊन गोळीची परीक्षा मांडली. शिरूर कासार, वडवणी, लिंबागणेश ह्या बाजूच्या गावांतून ज्यांच्या रक्तात हिवताप सापडला, त्यांना डोळ्यांदेखत गोळ्या गिळायला लावल्या आणि मग महिनाभर त्यांच्या दारात फेऱ्या घातल्या. बोट टोचायचं, काचेवर थेंब घ्यायचा, विचारायचं, ताप आलता का. शंभरातल्या नव्वदांना तरी गोळी लागू पडली पाहिजे, असा नियम. त्याच्या खाली आकडा गेला तर जुनी गोळी बंद, नवी दोन औषधांची मागवायची. वर राहिला तर गोदामातली जुनीच पेट्यांत जाणार. शिवकन्येनं आकडा काढला होता. पंच्याण्णव. काढून ठेवला होता आणि कोणाला सांगत नव्हती.

तो काढायची रीत तिला औरंगाबादेत शिकवली, तेव्हा ती मनात म्हणाली होती, ही तर आपल्या गावची बारव. बारव काठोकाठ भरलेली असते तेव्हा पायरी दिसत नाही. पाणी उतरलं की एक पायरी उघडी पडते, मग दुसरी. औषधाचंही तसंच. पहिल्या दिवशी सगळे बरे, काठोकाठ. एकाचा ताप उलटला की एक पायरी खाली. ती पायरी किती उतरायची हे त्या दिवशी किती माणसं नजरेत आहेत त्यावर ठरतं. आणि जी माणसं मधेच नजरेआड झाली त्यांचं काय? त्यांच्यासाठी पायरी उतरत नाही. शेवटचं जिथं दिसलं तिथं पायरीवर एक बारीक उभी रेघ मारायची आणि पुढच्या हिशोबातून त्यांना अलगद उचलायचं. समजायचं, की जे गेले तेही राहिलेल्यांसारखेच. ह्यांचं जे झालं तेच त्यांचं झालं असणार. रीत खोटी नाही. साऱ्या दुनियेत चालते, आणि माणसं आपापल्या कामानं गेली असतील तोवर बरोबर उतरते. कोणी लग्नाला गेलं, कोणी लेकीच्या बाळंतपणाला. त्यात तापाचा काय संबंध? पण ताप उलटला म्हणूनच माणूस नजरेआड झाला असेल तर? तर ती रेघ म्हणजे बऱ्या माणसाचं सोंग. मग खाली बारवेचा तळ दिसत असतो आणि कागदावर पाणी काठाला लागलेलं असतं.

तिच्या कागदावर रेघा फार होत्या. खालच्या पायरीवर तर पाणवठ्यावर बाया घागरी घेऊन उभ्या असाव्यात तशा दाटीनं उभ्या होत्या. आणि सुग्रीवनं त्यांतल्या जवळजवळ प्रत्येकीचं एकच कारण आणलं होतं. गावाला गेले. पुण्याचे साहेब फोनवर म्हणाले, "तुमच्या बीडकडं स्थलांतर असतंच हो. रीत ते सांभाळून घेते. घाबरू नका." साहेब भला माणूस. त्यांचं म्हणणं पुस्तकाप्रमाणं होतं. पण शिवकन्या घाबरली होती. रेघांकडं बघत बसलं की तिला त्या हलताना दिसायच्या. अगदी बारीक, थंडीनं हलावं तशा.

वाकळेला धुराचा, घामाचा आणि जुन्या लुगड्यांचा वास होता. आईनं ती गावाहून आणलेली. हा वास नाकात शिरला की शिवकन्येचं वय गळून पडायचं. ती तेव्हा सात-आठ वर्षांची असेल. टोळी निघायच्या आदल्या दिवशी बापू, म्हणजे तिचा बाप धोंडीराम, भर दुपारी आत येऊन जमिनीवर आडवा झाला होता. आईनं घरातल्या सगळ्या वाकळा त्याच्यावर टाकल्या, वर पोतं टाकलं, तरी तो उडत होता, तव्यावर लाही उडावी तसा. मग आई म्हणाली, "शिवे, बस त्याच्यावर." ती बसली. तिचं सगळं वजन केवढं, पण बसली. दोन्ही हातांनी वाकळ दाबून, जात्यावर बसावं तशी. बापूची थंडी वाकळांतून तिच्या मांड्यांत आली, मांड्यांतून पोटात, पोटातून दातात. तिला गंमत वाटली. तिचेही दात वाजायला लागले आणि ती हसली. तेवढ्यात दारात खाकी पिशवीवाला आला, रक्त तपासणारा. आईनं तिला ढकललं. "जा. सांग, गावाला गेलेत म्हनून." ती गेली, पाय अजून बापूच्या थंडीनं लटपटत होते, उंबऱ्याला धरून उभी राहिली आणि म्हणाली. खाकी पिशवीवाल्यानं तिच्याकडं बघितलं. आत, पाच पावलांवर, अंधारात वाकळांचा ढीग हलत होता. त्याला दिसला असेल? त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला, भिंतीवर खडूनं काहीतरी ओढलं, आणि गेला. आईनं तिच्या हातावर गुळाचा खडा ठेवला. तो चघळत ती पुन्हा बापूवर जाऊन बसली.

आईची त्यात चूक म्हणावी असं काही शिवकन्येला आजही सापडत नव्हतं. टोळीत माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी; एकानं ऊस तोडायचा, एकानं मोळी बांधायची. त्यातलं एक पडलं की कोयता मोडला, आणि मोडका कोयता मुकादम गाडीत चढवत नाही. मागं राहून खायचं काय? विहिरीतला गाळ? आणि मुंजाजी मुकादमाची एक पद्धत होती. टोळी निघताना मारुतीच्या पारावर कोयत्यांची पूजा व्हायची, आणि मग तो एकेकाच्या कपाळाला आपल्या हातानं कुंकू लावायचा. अंगठ्यानं. तो अंगठा कपाळावर जरा रेंगाळायचा. सगळ्यांना ठाऊक होतं, तो ताप चाचपायला रेंगाळतो. बाया त्या दिवशी ओली फडकी घेऊन यायच्या. चतुराबाईनं पाठीमागून, गर्दीत, शेवटच्या घडीपर्यंत बापूच्या कपाळावर ओलं फडकं धरलं होतं. घरातलं उरलेलं सगळं पाणी त्या फडक्यात होतं. मुकादमानं कुंकू टेकवलं आणि ते टिकलं नाही. ओघळलं. नाकावरून, मिशीवरून, खाली.

"धोंड्या, लई घाम सुटला बे तुला," मुकादम म्हणाला.

"ऊन हाय मुकादम."

दोघंही हसले. शिवकन्येला ते हसणं आठवलं की अजून नको वाटायचं. बापूच्या तोंडावरून लाल धार चाललेली आणि दोन माणसं एकमेकांकडं बघून हसताहेत.

फडावर, कालव्याच्या काठच्या पाचटाच्या कोपीत, ताप पुन्हा उलटला. आई एकटीच तोडायला जायची. शिवकन्या वाकळेवर बसायची. ते तिचं कामच झालं होतं, दुसऱ्या पोरांनी वासरं धरावीत तसं ती बापूला धरायची. एका दुपारी खूप वेळ बसली. थंडी आज जोरात होती, मग जरा कमी झाली, मग कमी झाली. मग वाकळ अगदी निवांत झाली. तिला इतका आनंद झाला. ती कोपीतून बाहेर पळाली आणि उसाच्या रांगेकडं तोंड करून ओरडली, "आई, थांबली गं! बापूची थंडी थांबली!"

तिनं वाकळेचा काठ दातांत घट्ट धरला. ओट्यावर सुग्रीव कोणाशीतरी टँकर कधी येणार ते बोलत होता. म्हणजे गेला नाही. तिची स्वतःची थंडी वाढत होती, आणि त्या थंडीचा एक चोरटा दिलासाही वाटत होता. हलतंय म्हणजे आहे. पण ही कुठली थंडी? श्रावणात गावं हिंडताना तिला ताप आला होता, तिनं हीच गोळी घेतली होती आणि बरी झाली होती. मग हा तोच ताप, कुठंतरी रक्ताच्या सांदीत दडून बसलेला, की कोपऱ्यातल्या पिपातून उठलेल्या डासानं दिलेला नवा? पुण्यात ह्याचीही तपासणी होती. पहिल्या दिवसाचा रक्ताचा थेंब कागदावर वाळवून ठेवायचा, ताप उलटल्या दिवशीचाही, आणि दोघांतले जंतू जुळवून बघायचे. तोच निघाला तर गोळी हरली. नवा निघाला तर गोळी निर्दोष. तिला वाटलं, भीतीचा थेंब असा वाळवून ठेवता आला असता तर? त्या कोपीतला एक आणि आजचा एक. तिला ठाऊक होतं, जुळले असते.

चतुराबाई आत आली आणि वाकून कुजबुजली, "गेला न्हाई त्यो. ओट्यावर ठान मांडून बसलाय."

"आई, कावून सांगितलंस असं?"

"मंग काय सांगू? तापानं पडली म्हनू? उद्या कामावरून काढलं मंजे?"

"मला कोन काढतंय."

"सगळे असंच म्हनत्यात," चतुराबाई म्हणाली आणि वाकळेच्या कडेवर अर्धी मांडी टाकून बसली. दोन्ही हातांनी तिनं वाकळ दाबली. तिला कळतही नव्हतं ती काय करतेय. शिवकन्येला आईचं वजन कळलं, हलकं, वाळलेल्या कडब्याच्या पेंढीसारखं.

आई आज सकाळच्या एसटीनं आली होती. पीठ आणलं, वाकळ आणली, आणि भाकरी थापता थापता सहज म्हणाली होती, विमलला जरा बरं नाही. विमल म्हणजे बंकटची बायको, शिवकन्येची भावजय. तेव्हा शिवकन्येनं नुसतं हूं म्हटलं होतं. आता ते 'जरा' तिच्या कानात मोठं व्हायला लागलं.

"आई. वहिनीला ताप हाय का?"

"हाय. उलटलाय."

"उलटलाय मंजे? आधी गोळ्या कुनी दिल्या?"

चतुराबाईनं मानेनं दाराकडं दाखवलं. "ह्योच की. ह्याच बाबानं. गिळंस्तोवर समोर बसलता."

"मग पुन्हा रक्त घ्यायला आला आसंल."

"आलता. दोनदा आलता." आई वाकळेचा टाका बोटानं उकरत राहिली. "बंकट म्हनला, सांग, गावाला गेली. परवा गाडी हाय टोळीची. तुला तर म्हाईत हाय."

म्हणजे त्या दाटीतली एक रेघ विमल होती. शिवकन्येनं तिला चार दिवस बघितलं होतं, तिच्यावरून बोट फिरवलं होतं. नाव नव्हतं, गाव नव्हतं. मोळी डोक्यावर घेतल्यासारखी ताठ उभी, बरी. आणि त्या पंच्याण्णवात तिचाही हात लागला होता.

"वहिनीला हुडहुडी भरती तवा," तिनं विचारलं, आणि विचारायला नको होतं हे विचारतानाच तिला कळलं, "वाकळंवर कोन बसतं?"

"तिची पोरगी बसती की." आईच्या तोंडावर कौतुक आलं. "तुज्यावानीच हाय. हटत न्हाई."

खोली फिरली. पत्रा, पिपावरचं फडकं, आईच्या हातावरची गोंदणं, सगळं गोल फिरून पुन्हा जागेवर बसलं, पण जरा तिरकं. पंच्याण्णव सांगितलं तर परवाच्या गाडीत विमल बसणार, कपाळाला ओलं फडकं लावून, आणि तिच्या टोळीच्या पेटीत तीच गोळी, जी तिच्या रक्तात एकदा हरलेली आहे. पुढं कालवा, कोपी, आणि वाकळेवर बसलेली पोरगी. पंच्याण्णव नाही म्हटलं तर? मागच्या बैठकीत राधाकिशनराव बोलून गेले होते, आणि चांगल्या मनानं बोलले होते: "गोळी लागू पडत न्हाई असं निघालं, तर नवी येईस्तोवर एकेकाचं रक्त बघून गाडीत बसवू. मानूस मरू द्यायचं न्हाई." रक्त बघितलं की विमल खाली उतरणार. विमल उतरली की बंकटचा कोयता मोडला. एकटी विमल थोडीच? ज्या दारांत 'गावाला गेले' म्हणून सांगितलं त्या साऱ्या दारांतले कोयते. कोरड्या गावात, रिकाम्या पिपांशेजारी, घरच्या माणसांसकट मागं राहिलेले. त्यांना कळणार, हे चतुरीच्या लेकीनं केलं. शिकलेल्या. त्यांच्या तोंडच्या शिव्या तिला ऐकू आल्या, ओळखीच्या आवाजांत. आणि ह्या सगळ्याच्या खाली एक साधी, नागडी भीती होती: वाकळ निवांत होईल आणि ती पोरगी आनंदानं बाहेर पळेल.

"मावशी, तांब्या घ्या," बाहेरून सुग्रीव म्हणाला.

चतुराबाई उठली. उंबऱ्याशी गेली. तांब्या हातात देताना सुग्रीव जरा थांबला.

"मावशी, तुमी शिरूरकडच्या का? त्या पाराशेजारचं घर?"

"कुनाचं?" चतुराबाई म्हणाली.

"तवाच म्हनलं, आवाज वळखीचा येतोय. तिथं बी तुमीच होता दारात." तो आवाज न चढवता, खालमानेनं म्हणाला, "सूनबाई आल्या का गावाहून?"

 आईचा तो सरळ आवाज कुठं गेला? शिवकन्येला तिची पाठ दिसत होती. लुगड्याखाली फऱ्याचं हाड वर आलं आणि तसंच राहिलं. तांब्यातलं उरलेलं पाणी हिंदकळून जमिनीवर सांडलं. दोन घोट असेल. तीन वर्षांत आईच्या हातून पाणी सांडलेलं शिवकन्येनं बघितलं नव्हतं.

ती उठली. उठताना वाकळ अंगाबरोबर आली, पायात आली, ती तशीच ओढत दाराशी गेली. उजेड डोळ्यांत सुयांसारखा घुसला. चौकट धरली, तेव्हा चौकट हलते की हात हलतो ते तिला कळेना.

"मी हाय, सुग्रीवभाऊ. घरातच हाय."

सुग्रीवला नवल वाटलं नाही. त्यानं तिच्या तोंडाकडंही बघितलं नाही, जमिनीकडं बघत म्हणाला, "ठावं हाय ताई. चपला बाहेरच हायत तुमच्या."

"मग गेला का नाहीत?"

"पानी मागितलं होतं ना. प्यायल्याशिवाय कसं जावं."

"तिकडं गावांत... तिकडंही कळायचं तुम्हाला?"

"कदी कळायचं. कदी चपला दिसायच्या, कदी खोकला यायचा आतून. कदी खरंच कुनी नसायचं." त्यानं पिशवीचा बंद हातात गुंडाळला. "पर घरचं मानूस दारात हुबं राहून सांगतंय, गावाला गेलं, तर काय म्हनावं, मावशे, खोटं बोलती? दार ढकलायचं? पुन्यांदा त्या दारात पानी बी मिळायचं न्हाई ताई. आन रक्त तर न्हाईच न्हाई."

"किती असतील असे?"

"म्या कुटं मोजलं?"

कोणीच मोजलं नव्हतं. साहेबांनी नाही, सुग्रीवनं नाही, तिनं नाही. तिला वाटलं होतं की घाबरलेलं माणूस निदान मोजतं तरी. ती चौकटीला टेकली. दात वाजत होते, त्यामुळं शब्द तुटून तुटून आले. "रावांना सांगा, पंच्याण्णव नाही. तो आकडाच नाही."

"मंग किती सांगू?"

"माहीत नाही. गेलेले राहिलेल्यांसारखेच धरले तर पंच्याण्णव. सगळे उलटलेले धरले तर सत्तरही भरत नाही. खरं मधे कुठंतरी हाय, आन ते त्या दारांत हाय. तिथं पुन्हा जावं लागंल. तोवर जुनी गोळी पेटीत जायची नाही."

 गल्लीतून एक बाई रिकामी घागर कमरेला लावून गेली, जाताना तिनं वाकळ पांघरलेल्या शिवकन्येकडं बघितलं आणि पाऊल उचललं.

"राव म्हनतील, रक्त बघूनच गाडीत बसवा."

"म्हणतील. तेव्हा मी बोलेन, माणूस उतरवलं तरी कोयता ठेवा म्हणून." तिला हे म्हणताना कळत होतं की ऐकेल असं कोणी नाही. मुकादमाचा अंगठा तिला दिसला, रेंगाळलेला.

सुग्रीवनं पिशवी उघडली. काच काढली, सुई काढली, कापसाचा बोळा काढला. "बोट द्या ताई."

तिनं हात पुढं केला. तो इतका हलत होता की सुग्रीवला मनगट धरावं लागलं. सुई टोचली, दाबली, आणि थेंब वर आला. एवढासा, काळपट, गोल. तिनं त्याच्याकडं बघितलं. तोच असेल का? इतक्या लहान थेंबात बसून कोणी माणसाची वर्षं मोजत राहत असेल का? सुग्रीवनं थेंब काचेवर घेतला, मग दुसरा एक कागदाच्या तुकड्यावर टिपला आणि उन्हात धरला. कागदावरचा डाग पसरला, थांबला, वाळायला लागला. कुंकवासारखा ओघळला मात्र नाही.

काच कापसात गुंडाळून ठेवताना, वर न बघता, सुग्रीवनं विचारलं, "मावशी, सून कुठं हाय?"

चतुराबाई तांब्या पोटाशी धरून उभी होती. तिनं लेकीकडं बघितलं. लेकीच्या खांद्यावरची वाकळ हलत होती, ती बघितली. मग सांडलेल्या पाण्याच्या ओल्या डागाकडं बघितलं. तो अर्धा वाळून गेला होता.

"गावाला..." ती म्हणाली. तेवढंच आलं. पुढचा शब्द, जो इतकी वर्षं त्या शब्दामागं आपोआप यायचा, तो आला नाही. तिचे ओठ नुसते हलले. शिवकन्येनं तिचा हात धरला, आणि त्या हातातही थंडी होती, ताप नसलेली.

"तिकडं घरातच हाय," चतुराबाई म्हणाली. "चुलीच्या मागं, अंधारात निजवलीया. पोरगी बसवलीया वर." मग तिचा आवाज फुटला. "पळ बाबा. वाकळ हलती हाय तवर जा."